प्रदक्षिणा कोणाची?

सर्पा नदीच्या काठी मोहगाव हवेलीत अर्धनारीश्वराचे देऊळ आहे. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे मुख्यतः पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके. संत्र्यांच्या बागा, काळी माती, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा हा मुलूख आहे. परिसरातले भाविक या लिंगाला ज्योतिर्लिंगच मानतात. बारांच्या यादीत त्याचे नाव नाही याने त्यांच्या श्रद्धेत काही उणे पडत नाही. एकाच लिंगात शिव आणि शक्ती आहेत असे समजून लोक इथे बेल वाहतात. या देवळाच्या निमित्ताने एक प्रश्न नीट मांडावासा वाटतो. आज जगात अशा व्हीलचेअर तयार झाल्या आहेत की ज्या बॅटरीवर चालतात, एवढेच नव्हे तर समोरचा माणूस, खांब, पायरी स्वतः ओळखतात, वेग कमी करतात, वळण घेतात आणि सांगितलेल्या ठिकाणी नेऊन सोडतात. ज्याचे पाय चालत नाहीत आणि ज्याच्या हातात जॉयस्टिक स्थिर धरण्याइतकेही बळ नाही, असा भाविक उद्या अशा खुर्चीत बसून या देवाला प्रदक्षिणा घालेल. ती प्रदक्षिणा त्याची की यंत्राची? त्याने ती घातली, की त्याला फक्त देवाभोवती फिरवून आणले गेले? प्रश्न वरवर लहान दिसतो. पण कर्म कोणाचे आणि कर्ता कोण, या आपल्या जुन्या विचाराच्या मुळाशी तो जाऊन भिडतो, आणि त्याचे उत्तर खुर्ची कशी बनवावी इथपर्यंत पोचते.

आधी वस्तुस्थिती पाहू. हाताने ढकलायची खुर्ची ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यासाठी जॉर्ज क्लाइन या कॅनडाच्या संशोधकाने दुसऱ्या महायुद्धानंतर, जखमी सैनिकांना डोळ्यांपुढे ठेवून, विजेवर चालणारी खुर्ची विकसित केली. तिने पायांची उणीव भरून काढली, पण हाताचे काम तसेच ठेवले. ती चालवायला बोटे, नजर आणि सलग लक्ष लागतेच. सेरेब्रल पाल्सीमध्ये हात मनाविरुद्ध हलतो, पार्किन्सन्समध्ये थरथरतो, काहींना बाजूचे दिसत नाही, काहींचे लक्ष मध्येच तुटते. 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पुनर्वसन क्षेत्रातल्या सुमारे 200 तज्ज्ञांनी सांगितले की विजेची खुर्ची शिकवलेल्यांपैकी दहा टक्के लोकांना ती रोजच्या वापरात आणणे अतिशय अवघड किंवा अशक्य ठरते. ज्यांना नेहमीच्या साधनांनी खुर्ची चालवताच येत नाही, अशांपैकी जवळजवळ निम्म्यांना स्वतः वाट काढणाऱ्या खुर्चीचा उपयोग होईल असेही त्यांचे मत पडले. वृद्धाश्रमांत विस्मरणाचा त्रास असलेल्यांना विजेची खुर्ची बऱ्याचदा नाकारलीच जाते, कारण ती दुसऱ्यावर आदळेल अशी भीती असते. म्हणजे माणूस एका जागी बसून राहतो तो पायांमुळे नव्हे, तर इतरांना वाटणाऱ्या धास्तीमुळे. या पार्श्वभूमीवर मिशिगन विद्यापीठात 1990 च्या दशकात ‘नॅव्हचेअर’ तयार झाली. खुर्चीच्या पुढच्या फळीवर बारा ध्वनिलहरी सेन्सर बसवले होते. माणूस जॉयस्टिक कुठे वळवतो आणि सेन्सरना कुठे काय दिसते, या दोन्हींची सांगड घालून चाके फिरत. आता सेन्सरच्या जोडीला कॅमेरे, रडार आणि लेसरने अंतर मोजणारे लिडार आले आहेत. टोकियोच्या हानेदा विमानतळावर 2020 पासून प्रवाशाला फाटकापर्यंत आपोआप नेणाऱ्या खुर्च्या आहेत. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेली ‘निओबोल्ट’ खुर्चीला मोटरचे बळ देते, पण वाट बघण्याचे काम अजून बसणाऱ्याच्याच डोळ्यांचे आहे.

पहिला आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. तीर्थयात्रा आणि प्रदक्षिणा म्हणजे पायांनी करायची तपश्चर्या, कष्ट नसतील तर पुण्य कसले, असे सश्रद्ध मन म्हणते. वारी पायीच करायची, परिक्रमा अनवाणीच करायची, हा आपला संस्कार आहे. शास्त्रातही त्याला आधार आहे. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनाने तीर्थाला जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते असे सांगितले आहे. पुढच्या निबंधकारांनी वाहनामुळे फळ किती घटते याचाही हिशेब मांडला. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात चौथ्या खंडातल्या तीर्थयात्रा प्रकरणात ही सगळी चर्चा वाचायला मिळते. मात्र मत्स्यपुराणातला तो निषेध पूर्ण वाचला पाहिजे. वाहन का वर्ज्य, याची कारणे तिथेच दिली आहेत: ऐश्वर्याचा तोरा, लोभ आणि मोह. चालता येत असून श्रीमंती मिरवण्यासाठी पालखीत बसणाऱ्याला तो दटावतो. ज्याला चालताच येत नाही त्याच्या खुर्चीत ऐश्वर्य नाही, लोभ नाही आणि मोहही नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ कोणाला मिळते हे सांगताना हात, पाय आणि मन यांचा उल्लेख येतो, पण तो त्यांच्या बळाचा नव्हे. ते ज्याच्या ताब्यात आहेत, जे भलतीकडे जात नाहीत, त्याला फळ. तिथेच असेही म्हटले आहे की यज्ञाचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी तीर्थयात्रा आहे. ज्या आचाराचा पायाच असमर्थांना सामावून घेण्याचा आहे, त्याच्या नावाने असमर्थांना उंबरठ्याबाहेर ठेवणे मला त्या आचाराशीच विसंगत वाटते. आणि कष्टाचेच म्हणाल, तर ज्याला पलंगावरून खुर्चीत यायला दोन माणसे लागतात, त्याच्या देवळापर्यंतच्या प्रवासात कष्ट कमी आहेत असे कोण म्हणेल?

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. वाहन चालते असे मान्य केले तरी ते दुसऱ्याच कोणी चालवले तर कर्म कोणाचे? इथे आपल्या पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या विचारवंतांनी, केलेले काम फार उपयोगी आहे, आणि त्याकडे या संदर्भात कोणी पाहत नाही याचे नवल वाटते. यज्ञात आहुती अध्वर्यू टाकतो, ऋचा होता म्हणतो, साम उद्गाता गातो. यजमान बराच वेळ बसलेलाच असतो. मग स्वर्गाचे फळ कोणाला? हात तर ऋत्विजांचे, म्हणजे या पुरोहितांचे, चालले. जैमिनीच्या सूत्रांत याचा विचार आहे आणि निर्णय असा की फळ यजमानाला. कारण यज्ञ करायचा हे त्याने ठरवले, संकल्प त्याने केला, द्रव्याचा त्याग त्याने केला आणि ऋत्विजांना दक्षिणा देऊन त्यानेच कामाला लावले. ज्याच्या प्रेरणेने क्रिया सुरू होते तो कर्ता. ती घडवताना कोणाचे हात लागले हा पुढचा प्रश्न. आजही साध्या सत्यनारायणाला तळहातावर पाणी घेऊन देश, काळ, नाव, गोत्र उच्चारतो तो घरचा यजमान, आणि पुढचे सगळे गुरुजी सांगतात. त्या पूजेला कोणी ‘गुरुजींची पूजा’ म्हणत नाही. मग चाके मोटरने फिरली आणि वळण सेन्सरने घेतले म्हणून प्रदक्षिणा खुर्चीची कशी होईल?

हे मांडताना त्याच ग्रंथातली अडचणीची बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मीमांसेच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला याची चर्चा आहे, आणि ज्याचे व्यंग बरे होण्यासारखे नाही त्याला तो अधिकार नाकारलेला आहे. याच परंपरेच्या नावाने शतकानुशतके माणसे मागे ठेवली गेली. पण त्या नकारामागचा तर्क असा आहे की विधीची सगळी अंगे ज्याच्याने पार पडत नाहीत त्याने तो करू नये. हा तर्क क्षमतेवर उभा आहे. क्षमता बदलली की त्याचा आधार सुटतो. शिवाय त्याच अध्यायात पुढे नित्यकर्माबद्दल निर्णय आहे की तिथे मुख्य कर्म करावे आणि बाकीची अंगे शक्तीप्रमाणे करावीत, सुटली तर कर्म बिघडत नाही. देवदर्शन आणि प्रदक्षिणा ही स्वर्गकामनेच्या यज्ञापेक्षा नित्यकर्माला जवळची आहेत. परंपरेत नकार आहे आणि यथाशक्तीचा नियमही आहे. दोन्हींपैकी कोणता घ्यायचा ही निवड आपली आहे, ती ग्रंथावर ढकलता येणार नाही. मी दुसरा घेतो, कारण पहिल्याचे कारण आता उरत नाही.

दुसरा आक्षेप भक्तिमार्गाकडून येतो, आणि तो प्रेमळ असल्यामुळे अधिक अवघड आहे. भाव असेल तर देव घरी येतो, मग एवढी यातायात कशाला? मानसपूजा करा, नामस्मरण करा, मोबाइलवर आरती पाहा. याचे उत्तर मराठी संतचरित्रांतच आहे. महिपतीबोवांच्या ‘भक्तविजया’त कूर्मदासांची कथा येते. पैठणचे हे भक्त, हातपाय नसलेले. पंढरीचा महिमा ऐकला आणि पोटावर सरपटत निघाले. पंढरपूरच्या थोडे अलीकडे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात लऊळला त्यांचे बळ संपले. एकादशी गाठता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आले, अशी श्रद्धा आहे. तिथे कूर्मदासांचे देऊळ आहे. ही कथा नेहमी ‘देव भक्ताकडे येतो’ एवढ्यासाठी सांगितली जाते. पण देव आला तो लऊळला, पैठणला नव्हे. घरी बसून भाव पुरेसा आहे असे कूर्मदासांनी मानले असते तर कथाच घडली नसती. त्यांना जायचे होते. निघणे हाच त्यांच्या भक्तीचा भाग होता, आणि तो हक्क त्यांनी कोणाकडे मागितला नाही. जो अपंग माणसाला ‘तुझा भाव देवाला पोचतो’ असे सांगून घरी बसवतो, तो स्वतः मात्र दर सोमवारी देवळात जातो. देव सर्वत्र आहे हे दोघांनाही सारखेच लागू आहे. मग एकानेच घरी का बसायचे? सौसरजवळच जामसावळीला हनुमान निजलेल्या मुद्रेत आहे. समुद्र उल्लंघणारा देव तिथे आडवा आहे म्हणून त्याच्या पुढची रांग काही कमी होत नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद खुर्चीला ऋत्विज समजून केला. पण यंत्र हे ऋत्विज नाही, आणि खरी गुंतागुंत इथे सुरू होते. ऋत्विजाला यज्ञ माहीत असतो. खुर्चीला फक्त अंतरे माहीत असतात. शिवालयातली प्रदक्षिणा बघा. अभिषेकाचे पाणी ज्या नाळेतून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही असा शिवाचा नियम आहे. म्हणून भाविक नंदीपासून डावीकडून निघतो, गोमुखापर्यंत जातो, तिथून मागे फिरतो आणि आला त्याच वाटेने परत नंदीशी येऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा नाळेपर्यंत जातो. दोन अर्धवट फेऱ्यांची मिळून एक प्रदक्षिणा. आता कॅमेरा आणि लिडार लावलेल्या खुर्चीला ‘देवाभोवती फेरी मार’ असे सांगितले तर ती काय करील? नाळ चार बोटे रुंद, उथळ, चाक सहज पार होईल अशी. यंत्राच्या नकाशात ती अडथळाच नाही. ते सरळ ती ओलांडून गोल पूर्ण करील, कारण वर्तुळ हाच जवळचा मार्ग. उलट नंदीकडे पाहा. भाविकाला नंदीच्या शिंगांमधून पिंडीचे दर्शन घ्यायचे आहे, त्याच्या पाठीला हात लावायचा आहे. यंत्राच्या दृष्टीने नंदी हा दगडाचा मोठा अडथळा. ते हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबेल आणि पुढे जाऊ देणार नाही. हीच अडचण प्रयोगशाळेतही आली होती. नॅव्हचेअरची टक्कर टाळण्याची नेहमीची पद्धत दाराच्या दोन्ही चौकटींना अडथळा समजे आणि खुर्ची दारातून जायलाच तयार होत नसे. दारातून जाण्यासाठी वेगळी पद्धत द्यावी लागली. मग पुढचा पेच: या क्षणी माणसाला दारातून जायचे आहे की दाराजवळ थांबायचे आहे, हे यंत्राने कसे ओळखावे? समोरची वस्तू अडथळा आहे की मुक्काम, हे त्या वस्तूत लिहिलेले नसते. ते जाणाऱ्याच्या मनात असते. सेन्सर कितीही वाढवले तरी ही माहिती बाहेरून मिळणार नाही. ती खुर्चीत बसलेल्या माणसाकडूनच यावी लागेल. संकल्प केवळ आरंभी एकदा उच्चारून भागत नाही, तो प्रत्येक वळणावर लागतो, ही गोष्ट या यंत्राने आपल्याला स्वच्छ दाखवून दिली आहे.

तेव्हा माणसाच्या बुद्धीच्या जोडीला आता बाहेरची एक बुद्धी आली. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे असे सांगितले आहे. त्या रथात सारथी एकच आहे. स्वतः वाट काढणाऱ्या खुर्चीत दोन होतात, आणि दोघांचे मत जुळेनासे झाले तर कोणाचे ऐकायचे? अभियंते याला वाटून घेतलेले नियंत्रण म्हणतात आणि त्याच्या तीन-चार पायऱ्या करतात: धडक होणार असेल तरच थांबवणे, हळूच वळण सुधारणे, किंवा ठिकाण सांगितले की पूर्ण वाट स्वतः काढणे. पण किती वाटा कोणाचा, हे गणिताने ठरत नाही, ते नीतीने ठरते. मला याचे सर्वांत नेमके उत्तर वनपर्वातल्या प्रद्युम्नाच्या प्रसंगात सापडते. शाल्वाने द्वारकेवर हल्ला केला, लढताना प्रद्युम्नाला बाण लागला आणि तो रथातच मूर्च्छित झाला. त्याचा सारथी, दारुकाचा मुलगा, रथ वळवून रणाबाहेर घेऊन गेला. शुद्धीवर येताच प्रद्युम्न संतापला: मला रणातून कोणी काढले? सारथ्याने उत्तर दिले की रथी बेशुद्ध असेल तेव्हा त्याचे रक्षण करणे हा सारथ्याचा धर्म आहे. सारथ्याचे म्हणणे चूक नाही. प्रद्युम्नही त्याला हाकलून देत नाही. तो बजावतो की यापुढे, मी जिवंत असताना, पुन्हा असे करायचे नाही. आणि सारथी रथ फिरवून त्याला परत रणात नेतो. यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. रथीची शुद्ध हरपली असताना सारथ्याला निर्णयाचा अधिकार आहे. शुद्ध येताच तो अधिकार संपतो. आणि पुढच्या वेळी काय करायचे हे रथी आधीच सांगून ठेवू शकतो, ते सारथ्याला आवडो वा न आवडो.

या तिन्ही गोष्टी खुर्चीला जशाच्या तशा लागू कराव्यात असे मला वाटते. उताराच्या कडेला चाक आले, हाताला झटका आला, डोळे मिटले, तर खुर्चीने थांबावे. तो तिचा धर्म. पण माणूस जागा आहे, त्याला नंदीपर्यंत जायचे आहे आणि खुर्ची ‘समोर अडथळा’ म्हणून हटून बसली आहे, असे होता कामा नये. तिथे एका बोटाच्या दाबाने, मानेच्या हालचालीने, किंवा ‘पुढे चल’ एवढ्या शब्दाने खुर्चीचे म्हणणे बाजूला सारता आले पाहिजे. आणि तो शब्द मोहगावच्या माणसाच्या तोंडच्या मराठीत तिला कळला पाहिजे. कोणी म्हणेल, मग सुरक्षा कुठे राहिली? हा आक्षेप बहुधा घरच्यांचा असतो आणि काळजीतून येतो. पण धडधाकट माणसालाही महाशिवरात्रीच्या गर्दीत धक्का लागतो, ओल्या फरशीवर पाय घसरतो. त्याला कोणी देवळात जायला बंदी करत नाही. थोडा धोका पत्करण्याचा अधिकार हा मोठ्या माणसाच्या मोठेपणाचा भाग आहे. दुसऱ्याला इजा होईल तिथे मर्यादा हवी, ती सगळ्यांनाच असते. स्वतःला खरचटेल एवढ्यासाठी मर्यादा घालणे म्हणजे त्याला लहान मूल ठरवणे.

गर्दीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबायला हवे, कारण देऊळ म्हटले की गर्दी आलीच. दाट गर्दीतून वाट काढणाऱ्या यंत्रांचा एक ठाऊक असलेला दोष आहे: प्रत्येक माणूस कुठे सरकेल याचा अंदाज बांधता बांधता त्यांना कुठलीच वाट सुरक्षित वाटेनाशी होते आणि ती जागच्या जागी गोठतात. 2010 साली ट्राउटमन आणि क्राउझे या संशोधकांनी या दोषाची नीट मांडणी केली. त्यांचा मुद्दा असा की माणसे गर्दीत एकमेकांना जागा करून देतात, हे यंत्राने हिशेबात धरल्याशिवाय ते सुटणार नाही. श्रावणातल्या सोमवारी मंडपात ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. हातात तांब्या आणि बेलाची पाने घेतलेली बाई पुढच्याला शब्द न बोलता कोपराने सरकवते, तो खांदा तिरका करतो, मूल मधून निसटते. कोणी कोणाच्या वाटेचा हिशेब करत नाही, सगळे मिळून वाट होते. खुर्चीला ही वाट मिळायची तर खुर्ची जेवढी शहाणी व्हायला हवी तेवढीच गर्दीही व्हायला हवी. लोकांनी तिला बघून एकदम चार हात दूर पळणे हेही तिला अडवण्यासारखेच आहे, कारण मग ती गर्दीतली राहत नाही, तमाशा होते.

यातूनच सेवेचा आक्षेप निघतो. गावात चार पोरे खुर्ची उचलून पायऱ्या चढवतात, त्यांनाही पुण्य लागते, माणसामाणसांत ओलावा राहतो. यंत्र आले की हे सगळे जाईल. या आक्षेपात खरेपणा आहे आणि मी तो मोडून काढू इच्छित नाही. खेड्यात अशी मदत खरोखर मिळते आणि तिच्यामुळे अनेकांचे आयुष्य सुसह्य झाले आहे. पण उचलून नेल्या जाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर वेगळे दिसते. दर्शनाची वेळ त्याची नसते, चार जणांना सवड असेल ती. गाभाऱ्यापुढे किती वेळ थांबायचे हे त्याला ठरवता येत नाही, कारण मागे कोणाचे हात भरून आलेले असतात. एकट्याने देवाशी बोलायचे असेल, काही मागायचे असेल, रडायचे असेल, तर तेही चौघांसमोर. ज्या मदतीला ‘आज नको’ म्हणता येत नाही तिच्यात सेवा करणाऱ्याचे पुण्य असेल, घेणाऱ्याची मोकळीक नसते. खुर्ची आली म्हणून सेवा संपत नाही. ती उचलण्याऐवजी सोबत करण्याची होते. शेजारी चालणारा मित्र हा खांदा देणाऱ्याहून कमी नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत खरा आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत सुमारे 54 लाख चालण्या-हालण्यातल्या अपंगत्वाच्या. 1981 पासूनच्या केंद्राच्या योजनेतून कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीच्या तीनचाकी आणि खुर्च्या तालुक्यातल्या शिबिरांत वाटल्या जातात. त्यांतल्या मोटरच्या तीनचाकीला ब्रेक आणि दिवा असतो, डोळे नसतात. जिथे साधा उताराचा रस्ता नाही तिथे लिडारची चर्चा कशाला, असे कोणी विचारले तर ते बरोबरच आहे. सरकारी मानकांप्रमाणे उताराचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट उतरण. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधन घातले. पण नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले की नियमांनी ही मानके निव्वळ शिफारशीसारखी ठेवली आहेत, आणि सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवा. तेव्हा क्रम स्पष्ट आहे: आधी उतरण, मग रुंद दार, मग मोटर, मग डोळे असलेली खुर्ची. पण क्रम लावणे वेगळे आणि विचार पुढे ढकलणे वेगळे. कर्ता कोण हे आज ठरले नाही तर उतरण बांधतानाही तीच चूक होते. मागच्या बाजूला, चपलांच्या खोलीशेजारी, कुलूप लावलेल्या फाटकाशी उतरण बांधली जाते, कारण बांधणाऱ्याच्या मनात येणारा हा भाविक नसतो, कोणीतरी आणून सोडायची वस्तू असते. उतरण मुख्य दाराने आणि नंदीच्या रेषेत असावी, हा निर्णय भाविकाला भाविक मानल्याशिवाय सुचत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. पुढे असेही म्हटले आहे की एवढे असून जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. याचा रोख खुर्चीतल्या माणसावर नाही, सर्वांवर आहे. पायांनी प्रदक्षिणा घालणाराही एकट्याच्या बळावर घालत नाही. रस्ता कोणी केला, फरशी कोणी बसवली, गुडघ्यात वंगण कोणी ठेवले? अर्धनारीश्वरापुढे उभे राहून हा विचार फार दूरचा वाटत नाही. तिथे देवाचा वर कोणत्या अर्ध्याने दिला असे कोणी विचारत नाही. म्हणून साधनाचा वाटा मोठा आहे एवढ्यावरून कर्त्याचा वाटा लहान ठरत नाही, फक्त कर्ता जागा हवा आणि त्याचे ऐकले गेले पाहिजे.

आता सोमसूत्राकडे परत येऊ, कारण तिथे एक प्रत्यक्ष काम शिल्लक आहे. नाळ ओलांडायची नाही हा सर्वसाधारण नियम. पण ती दगडाने किंवा फरशीने झाकलेली असेल तर ओलांडायला हरकत नाही असेही पुष्कळ जण मानतात, आणि घराघरांत रीत वेगळी असते. तेव्हा खुर्चीच्या नकाशात ती रेघ कारखान्यात आखून चालणार नाही, आणि देवस्थानाने सगळ्यांसाठी एकच आखून दिली तरी पुरणार नाही. पहिल्यांदा देवळात आल्यावर खुर्चीने विचारावे, बसलेल्याने हवे तर पुजाऱ्यांना विचारावे, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि मग ‘इथून मागे फिरायचे’ किंवा ‘इथून पलीकडे जायचे’ हे स्वतः सांगावे. पुढच्या सोमवारी त्याचे मत बदलले तर ती रेघही बदलता आली पाहिजे.